घर मोजताना मान वर करा

घर घ्यायला निघालेल्या कुटुंबाला चौरस फूट तोंडपाठ असतात. कार्पेट किती, दर काय, बाल्कनी धरून की सोडून, हॉलची रुंदी दहा फूट की साडेदहा, यावर आठवडेच्या आठवडे खल होतो. २०१६च्या रेरा कायद्याने या खलाला पक्का आधारही दिला. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या भिंती धरून जी वापरण्याजोगी जागा उरते ती कार्पेट, अशी व्याख्या झाली आणि ‘सुपर बिल्टअप’च्या गोंधळातून गिऱ्हाइकाची बरीच सुटका झाली. पण ही व्याख्या लांबी-रुंदीपाशी थांबते. खोली किती उंच आहे, हे तिच्यात कुठेच येत नाही. माहितीपत्रकातला नकाशाही वरून पाहिलेला असतो. इमारत उभी कापून मजल्यांची उंची दाखवणारा नकाशा, ज्याला वास्तुविशारद ‘सेक्शन’ म्हणतात, तो गिऱ्हाइकासमोर सहसा येतच नाही. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेल्या घराची एक बाजू अशी न मोजताच विकत घेतली जाते. माझे म्हणणे असे की, आपल्या हवेत बसण्या-झोपण्याच्या खोल्यांना फरशीपासून छताच्या तळापर्यंत निव्वळ दहा फूट उंची मिळायला हवी; बाकीच्या जागांना ती गरजेप्रमाणे कमी चालेल; आणि हा आकडा करारात चौरस फुटांच्या शेजारी लिहिलेला असायला हवा. दहाच का, हे साध्या हिशेबाने दाखवता येते.

हिशेब सुरू होतो पंख्यापासून. चंडीगडचा शिल्पकार ल कॉर्बुझिए याने माणसाच्या मापावर बेतलेली एक पद्धत काढली होती. त्यात माणसाने हात वर केला की बोटे जिथे पोचतात ती उंची २.२६ मीटर, म्हणजे साधारण साडेसात फूट, आणि फ्रान्समधल्या मार्सेय शहरातल्या त्याच्या प्रसिद्ध निवासी इमारतीत घरांची छते याच मापाची आहेत. तिथे ते चालले, कारण छताला पंखा टांगायचा नव्हता. आपल्याकडे वर्षातले आठ-नऊ महिने पंख्याशिवाय डोळा लागत नाही. म्हणून खोलीची उपयोगाची उंची छतापाशी संपत नाही, पंख्याच्या पात्यांपाशी संपते. पंखा हवा वरून ओढतो आणि खाली ढकलतो. पाती छताला चिकटलेली असतील तर वरून हवा ओढायला वाव राहत नाही; पंखा गरगरतो, आवाज करतो, पण वारा लागत नाही. यासाठी पाती आणि छत यांच्यात किमान तीस सेंटीमीटर, म्हणजे एक फूट अंतर ठेवावे असे बांधकामाचे मानक सांगते. खालच्या बाजूने पंखा फरशीपासून २.४ मीटरच्या वर असावा, हीही अपेक्षा आहे. ही दोन मापे जोडली की २.७ मीटर होतात. पंख्याखाली राहणाऱ्या माणसाच्या खोलीची ही अगदी काठावरची उंची झाली. तिच्यात एका इंचाचीही चूक खपत नाही.

आता या हिशेबात माणूस आणू. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात सरळ वर केला की बोटे साधारण २.०५ मीटरवर पोचतात. तोच माणूस दीड फूट उंचीच्या पलंगावर उभा राहिला, तर बोटे अडीच मीटरवर जातात. पलंगावर उभे राहून मच्छरदाणी बांधणे, माळ्यावरची गादी ओढणे, पडद्याच्या कड्या चढवणे ही रोजच्या घरातली कामे आहेत आणि मुले तर पलंगावर उड्याच मारतात. २.७५ मीटर उंचीच्या खोलीत एक फूट सोडून पंखा लावला, तर पाती २.४५ मीटरवर फिरतात. म्हणजे हाताच्या टप्प्यात. दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीच्या खोलीत छतापासून पस्तीस सेंटीमीटर अंतर सोडूनही पाती २.७० मीटरवर राहतात. हात आणि पाते यांच्यात वीतभर जागा उरते, वरून हवा ओढायलाही जागा मिळते. नऊ फुटांच्या खोलीत वारा आणि सुरक्षितता यांतले एक सोडावे लागते. दहा फुटांत दोन्ही मिळतात. माझा दहाचा आग्रह इथून येतो, भव्यतेच्या हौसेतून नाही.

‘मजल्याची उंची दहा फूट आहे’ असे विक्री करणारा सांगतो, तेव्हा तो बहुतेक वेळा एका स्लॅबपासून दुसऱ्या स्लॅबपर्यंतचे माप सांगत असतो. त्यातून वजा काय होते ते पाहा. स्लॅबची जाडी पाच-सहा इंच. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून अडीच इंच. छताचा गिलावा आणखी अर्धा इंच. दहातून एवढे गेले की हातात उरतात नऊ फूट तीन-चार इंच. मग हौसेने फॉल्स सीलिंग होते आणि दिव्यांच्या वायरी झाकण्यासाठी आणखी सहा इंच जातात. पुढे कधी जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी बसवली जाते आणि इंच-सव्वा इंच खालून चढतो. आता खोली पावणेनऊ फुटांच्या आत आली. या खोलीत नियमाप्रमाणे एक फूट सोडून पंखा लावला तर तो २.४ मीटरच्या खाली येतो, म्हणून मिस्त्री रॉड कापून आखूड करतो. घरातल्या माणसांना वाटते की पंखाच जुना झाला, म्हणून नवा आणला जातो, तोही वारा देत नाही. प्रत्येक पायरीवर गेलेले इंच किरकोळ वाटतात आणि बेरीज कोणी करत नाही. म्हणून मागायचा आकडा एकच: तयार फरशीपासून तयार छताच्या तळापर्यंत किती? आणि तुळई, म्हणजे बीम, जिथे खाली येते, तिच्याखाली किती?

यावर पहिला आक्षेप असा की, कायद्यात किमान उंची दिलेलीच आहे, मग वेगळी मागणी कशाला? राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या खोलीला किमान २.७५ मीटर उंची सांगितली आहे आणि मुंबईची २०३४ पर्यंतची विकास नियमावली असो की उरलेल्या बहुतेक महाराष्ट्रासाठीची २०२०ची एकत्रित नियमावली असो, दोन्हींत तोच आकडा आहे. पण हा आकडा ‘यापेक्षा कमी नको’ असे सांगतो. ‘एवढी पुरे’ असे सांगत नाही. व्यवहारात मात्र किमान हेच माप ठरून गेले आहे. याच संहितेत दोन सवलती आहेत. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर चालतात. ते तर्काला धरून आहे, कारण तिथे छताचा पंखा गृहीत नाही. दुसरी सवलत अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी आहे: तिथे २.६ मीटर पुरेसे मानले आहेत. हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत खटकणारा आकडा वाटतो. ज्या घरात एसी येण्याची शक्यता सर्वांत कमी, जिथे एका खोलीत चार-पाच माणसे झोपतात आणि पंखा हाच एकमेव आधार, तिथे पंख्याखालची जागा सर्वांत कमी. छतापासून एक फूट सोडला की पाती २.३ मीटरवर येतात. खर्च वाचवण्यासाठी दिलेली ही सूट ज्याला सर्वांत महाग पडते, त्याच्याच घरात ती वापरली जाते. सवलत द्यायचीच असेल तर ती वातानुकूलित घरांपुरती राहावी. गरिबाच्या खोलीला २.७५ मीटरखाली नेणारी तरतूद काढून टाकायला हवी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, छत उंच केल्याने खोलीचे तापमान उतरत नाही. हे बरोबर आहे. दारे-खिडक्या त्याच, भिंती त्याच, आणि फक्त छत फूट-दीड फूट वर नेले, तर माणसाच्या उंचीवरच्या हवेच्या तापमानात पडणारा फरक किरकोळ असतो. पण याचे कारण समजून घेतले तर उंची कशी वापरायची तेही समजते. आपल्याकडे खिडकीचा आणि दाराचा माथा, म्हणजे लिंटेल, बहुधा सात फुटांवर असतो. गरम हवा वर चढते आणि सात फुटांच्या वर तिला बाहेर पडायला वाटच नसते. छत नऊ फुटांवर असो की अकरा, वरची हवा कोंडलेलीच राहते. उंची वाढवली की कोंडलेली हवा वाढते, एवढेच. जुन्या बंगल्यांत आणि चाळींत दारावर, खिडकीवर, छताच्या लगत जे झरोके किंवा व्हेंटिलेटर असत, ते याच कोंडीवरचा उपाय होते. आज एसीची गार हवा जाऊ नये म्हणून, धूळ नको म्हणून आणि फॉल्स सीलिंगच्या आड येतात म्हणून ते गेले. म्हणून उंचीची मागणी एकटी करून भागत नाही. दहा फुटांच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर, आठ फुटांच्या वर, उघडता-मिटता येणारे आणि जाळी लावलेले झरोके हवेत. वारा असेल तर तो त्यांतून खोली धुऊन काढतो. वारा पडलेल्या रात्री गरम हवा हळूहळू का होईना, वरून निघून जाते आणि खालून गार हवा येते. वरचे आणि खालचे तोंड यांत जितके अंतर, तितका हा ओघ वाढतो. नऊ फुटांच्या खोलीत लिंटेल, त्यावरची तुळई आणि छत यांच्यात झरोक्याला जागाच उरत नाही. दहाव्या फुटाने ती मिळते. उजेडाचेही तसेच. खिडकीचा माथा जितका उंच, त्याच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत दिवसाचा उजेड खोलीत पोचतो, असा वास्तुविशारदांचा ठोकताळा आहे. माथा एक फूट वर गेला, तर उजेड आत दोन फूट सरकतो.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे त्रास हवेपेक्षा स्लॅबचा असतो. दिवसभर तापलेला पाच इंची काँक्रीटचा स्लॅब संध्याकाळनंतर उष्णता खाली सोडू लागतो आणि मध्यरात्रीपर्यंत सोडत राहतो. चुलीसमोर बसल्यावर जशी धग लागते, तशीच ही धग डोक्यावरून लागते. ती हवेतून येत नाही, थेट अंगावर येते. म्हणून पंखा लावूनही जीव घाबरा होतो. छत जितके दूर, तितका त्याचा अंगावर पडणारा वाटा कमी. दहा बाय बाराच्या खोलीत मध्यभागी खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके धरून भूमितीचा हिशेब मांडला, तर छत नऊ फुटांवरून दहावर नेल्याने हा वाटा जवळजवळ पाचव्या हिश्शाने घटतो. हा फायदा खरा आहे, पण इथे उंचीला पहिला मान देता येणार नाही. स्लॅब तापूच न देणे हा मुख्य उपाय. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरसबंदी, तेही परवडत नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात किंवा ऊन परतवणारा रंग, यांवरचा खर्च आधी करावा. शेवटच्या मजल्यावरच्या माणसाकडे एका फुटाचे पैसे किंवा चांगल्या गच्चीचे पैसे एवढीच निवड असेल, तर मी त्याला गच्ची निवडायला सांगेन. बाकीच्या मजल्यांवर मात्र पंख्याचा आणि झरोक्याचा हिशेबच लागू राहतो.

जुन्या घरांचा दाखला दोन्ही बाजूंनी दिला जातो. कोणी म्हणते, पूर्वीची घरे उंच होती म्हणून गार होती. कोणी उलट विचारते, मराठवाड्यातली माळवदाची घरे आणि खानदेशातली धाब्याची घरे तर बुटकी होती, ती कशी गार राहायची? दुसरे निरीक्षण खरे आहे आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. एवढ्या जाडीतून दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाई आणि तोवर माणसे वर गच्चीवर किंवा अंगणात झोपायला गेलेली असत. तिथे गारवा जाडीचा होता. उंचीची गरज पडत नसे आणि बुटक्या खोलीला लाकूडही कमी लागे. कोकणात आणि गोव्यात गोष्ट निराळी. तिथे हवा दमट, म्हणून वारा खेळता हवा. कौलारू छपराचा आढा उंच, कौलांच्या सांध्यांतून गरम हवा आपोआप निसटायची. म्हणजे प्रत्येक मुलखाने आपापल्या हवेप्रमाणे छत ठरवले होते. आपण मात्र सगळीकडे तोच पाच इंची स्लॅब नऊ-साडेनऊ फुटांवर आणून ठेवला: माळवदाची जाडीही गेली आणि कौलांची उंचीही गेली. दोन्ही जुन्या शहाणपणांतले काहीच न उरलेल्या या खोलीला निदान दहावा फूट द्यावा, असे मी म्हणतो.

याचा अर्थ घरातली प्रत्येक जागा दहा फुटांची हवी असा नाही. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात एक सूत्र मांडले आहे: एकाच घरात छतांची उंची वेगवेगळी असावी, मोठ्या आणि चारचौघांच्या जागेला जास्त, लहान आणि जवळिकीच्या जागेला कमी. हे आपल्या घरांना चांगले लागू पडते. न्हाणीघर, संडास, पॅसेज यांना साडेसात फूट पुरतात आणि वरच्या मजल्याच्या संकन स्लॅबमुळे न्हाणीघराचे छत तसेही खाली येतेच. देवघराचा कोनाडा किंवा अभ्यासाची खिडकीजवळची बैठक सात-आठ फुटांखाली उलट जास्त आपली वाटते. स्वयंपाकघराला मात्र दहा फूट हवेत, कारण फोडणीचा धूर आणि भाताची वाफ आधी वर जमते. तिथे एक्झॉस्ट फॅन ओट्याच्या वर, छताजवळ असला तरच ती ओढली जाते. विदर्भात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे कूलरची ओली हवा खिडकीतून येते आणि जुनी हवा बाहेर पडली तरच ती काम करते. म्हणून वरचा झरोका तिथेही हवाच. उंचीचा मनावरही परिणाम होतो असे संशोधन आहे. जोन मेयर्स-लेव्ही आणि रुई झू यांनी २००७मध्ये आठ आणि दहा फुटांच्या खोल्यांत प्रयोग केले. उंच छताखाली माणसे मोकळा, जोडत जाणारा विचार करतात आणि बुटक्या छताखाली तपशिलाकडे जास्त पाहतात, असे त्यांना दिसले. प्रयोगातले काही तास म्हणजे घरातली वीस वर्षे नव्हेत, म्हणून यावर मी माझा मुद्दा टेकवत नाही. पंखा आणि झरोका त्याला पुरेसे आहेत.

तिसरा आक्षेप एसीचा. आता घरोघरी एसी येतो आहे, मग उंच खोली म्हणजे वाढीव वीजबिल, असे म्हटले जाते. इथेही आकडे पाहावेत. दहा बाय बाराच्या खोलीत एक फूट उंची वाढली, तर १२० घनफूट हवा वाढते. तिचे वजन चार किलोच्या आसपास. तेवढी कोरडी हवा दहा अंशांनी थंड करायला विजेच्या एका युनिटचा शंभरावा भागही लागत नाही. एसीला राबवतात ती उन्हे लागलेली भिंत, उघडी काच, तापलेला स्लॅब आणि फटींतून येणारी दमट हवा. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सज्जा किंवा चीक लावला, तर या एका फुटाची भरपाई होऊन वर बचत होते. बाहेरची भिंत एक फूट वाढते, तेवढे उष्णतेचे ओझे वाढते हे मान्य. पण फ्लॅटमध्ये चारही भिंती क्वचितच बाहेरच्या असतात. शिवाय ज्या खोलीत केवळ एसीवरच राहायचे ठरले आहे, तिथे फॉल्स सीलिंग लावून उंची कमी करता येते. बुटकी बांधलेली खोली मात्र पुढे कधीच उंच करता येत नाही. वीज गेली, एसी बंद पडला किंवा बिल परवडेनासे झाले, तर त्या खोलीत पंख्याचाच आधार उरतो.

शेवटचा आणि सर्वांत व्यावहारिक आक्षेप खर्चाचा. निव्वळ दहा फूट मिळवायचे तर मजला पावणेअकरा फुटांचा करावा लागतो. म्हणजे दहा फुटी मजल्यापेक्षा नऊ इंच जास्त. पंधरा मजल्यांच्या इमारतीत ही बेरीज सव्वाअकरा फूट होते, म्हणजे एक अख्खा मजला. जिथे इमारतीच्या उंचीवरच बंधन आहे, उदाहरणार्थ मुंबई विमानतळाभोवतीच्या विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपरमध्ये, किंवा पंधरा मीटरच्या पुढे गेल्यावर इमारत ‘उंच इमारत’ ठरून अग्निसुरक्षेच्या जादा अटी लागतात अशा ठिकाणी, हा मजला खरोखरच हातचा जातो. तिथे तडजोड करावी लागेल हे मी मान्य करतो. पण बाकी ठिकाणी बांधकामाची मर्यादा चटईक्षेत्रावरून ठरते. चटईक्षेत्र मोजतात चौरस मीटरमध्ये आणि दहा फुटांपर्यंतची उंची त्यात वाढ करत नाही. तिथे विकासकाचे विकण्याजोगे क्षेत्र एका फुटानेही घटत नाही. वाढतो तो भिंती, गिलावा, रंग, खांब आणि नळ यांचा खर्च. दहा बाय बाराच्या खोलीला नऊ इंच वाढवल्यावर भिंतीचा पृष्ठभाग तेहतीस चौरस फूट वाढतो. जमीन, पाया, लिफ्ट, खिडक्या, स्वयंपाकघराचा ओटा यांची किंमत तीच राहते, आणि शहरात घराच्या किमतीतला मोठा वाटा जमिनीचा असतो. स्वतःचा बंगला बांधणाऱ्याला जिन्याचा विचार करावा लागेल: सहा इंची पायरी धरली तर नऊ इंचांना दीड-दोन पायऱ्या वाढतात. घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांची खोली तळमजल्यावर ठेवणे हाच त्यावरचा शहाणा उपाय. आणि बारा-चौदा फुटांच्या हौसेबद्दल म्हणाल, तर जळमटे काढायला आणि बल्ब बदलायला शिडी आणावी लागते, भिंती रंगवण्याचा खर्च कायमचा वाढतो, आवाज घुमतो आणि पंखा लांब रॉडने पुन्हा खालीच आणावा लागतो. दहानंतरच्या प्रत्येक फुटाचा उपयोग कमी कमी होत जातो.

लहान घरांच्या बाबतीत हा दहावा फूट आणखी एका कामाला येतो, आणि ते काम चौरस फुटांत मोजताच येत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनातले घर आधी २२५, मग २६९ आणि आता ३०० चौरस फुटांचे. या वाढीसाठी लोकांनी वर्षानुवर्षे भांडण दिले आणि ते रास्तच होते. पण त्या भांडणात उंचीचा शब्द क्वचितच निघाला. चाळीतल्या संसाराला पोटमाळ्याने तारले, आणि पोटमाळा उंचीतून निघतो. डोके न आपटता खालून वावरायला माळा २.२ मीटरवर हवा. माळ्याची जाडी चार इंच धरली, तर २.७५ मीटरच्या खोलीत वर उरतो दीड फूट. दहा फुटांच्या खोलीत उरतो अडीच फूट. दीड फुटात गुंडाळलेली गादी कशीबशी सरकते. अडीच फुटांत ट्रंक, गणपतीचे मखर, पाहुण्यांच्या गाद्या, लग्नातली मोठी पातेली, मुलांची जुनी पुस्तके, सगळे एकावर एक बसते आणि खालची जमीन झोपायला मोकळी राहते. तीनशे फुटांच्या घरात हा फरक म्हणजे एखाद्या कपाटाची जागा, जी जमिनीवर विकत घ्यायची तर लाखांत जाईल.

हे सगळे मागायचे कोणाकडे? ग्राहकाने आपल्यापासून सुरुवात करावी. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात. त्यातला सेक्शन काढून ओळखीच्या अभियंत्याकडून वाचून घ्यावा. विक्री करणाऱ्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत: तयार फरशीपासून छताच्या तळापर्यंत किती, तुळईखाली किती, आणि खिडकीचा माथा कुठे. उत्तरे करारात उतरवून घ्यावीत. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांची ताकद याहून मोठी आहे. जादा टक्केवारीसाठी सभा रंगतात, तिथे एका सभासदाने उठून निव्वळ उंचीचा मुद्दा निविदेतच घालावा; जुन्या इमारतीत जी उंची आहे तिच्याखाली नवी जाणार नाही, एवढी अट तरी लावून घ्यावी. सरकारने दोन गोष्टी कराव्यात: करारनाम्याच्या नमुन्यात कार्पेट क्षेत्राच्या ओळीखाली निव्वळ उंचीची ओळ सक्तीची करावी, आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांना लागू होणारी २.६ मीटरची सूट बंद करावी. यातल्या पहिल्या गोष्टीला एक पैसाही लागत नाही. लिहिलेला आकडा लोक वाचतात, वाचला की तुलना करतात आणि तुलना झाली की विकासकही तो आकडा वाढवू लागतात. कार्पेट क्षेत्राच्या बाबतीत ते आपण पाहिले आहे. तोवर घर पाहायला जाल तेव्हा टेप सोबत न्या. फरशीवर आडवी धराल तशी ती एकदा उभीही धरा, आणि पंखा जिथे लागणार आहे त्या हुकाखाली उभे राहून मोजा.